प्रिंटर तोंड उघडेना

एक होती मुंगी. एवढीशी. मोहरीएवढी? छे! मोहरीहूनही लहान. ठिपक्याएवढी. म्हणून तिचं नाव ठिपकी.

ठिपकी राहायची खिडकीखालच्या भेगेत. भेगेत तिची भावंडं होती. खूप खूप भावंडं. सगळी तिच्याहून लहान.

खिडकीपाशी होतं टेबल. टेबलावर होता कॉम्प्युटर. जुना जुना कॉम्प्युटर. एके दिवशी त्याच्या शेजारी आला प्रिंटर. नवा कोरा प्रिंटर!

त्या घरात होते तात्या. त्या घरात होती आजी. त्यांची नात जुई राहायची लांब, दुसऱ्या गावी. जुईचे फोटो यायचे कॉम्प्युटरवर. आजी म्हणायची, "अहो, मला फोटो भिंतीवर हवा. ह्या काचेला किती नाक लावून बसू?"

म्हणून तात्यांनी प्रिंटर आणला.

आजीने प्रिंटरची पूजा केली. प्रिंटरच्या अंगावर प्लॅस्टिक होतं. मग हळद लागली प्लॅस्टिकला. कुंकू लागलं प्लॅस्टिकला. फूल ठेवलं प्लॅस्टिकवर. मग आजीने साखरफुटाणे वाटले. तात्यांना एक दिला. स्वतः एक घेतला. आणि एक गुलाबी साखरफुटाणा प्रिंटरवर ठेवला.

"हा मुंगीचा वाटा," आजी म्हणाली.

ठिपकीने ऐकलं. मुंगीचा वाटा! म्हणजे माझा!

ठिपकी भावंडांना म्हणाली, "थांबा हं. मी गोड घेऊन येते."

ती टेबलावर चढली. तुरु तुरु तुरु. साखरफुटाणा ढकलला. हुश्श! अजून ढकलला. हुश्श!

आणि साखरफुटाणा घसरला.

टुणुक! टुणुक! टुणुक!

प्लॅस्टिकला होती एक फट. साखरफुटाणा गेला फटीतून. प्रिंटरच्या तोंडात. गुडुप!

वर झाकण पडलं. खाट!

गेला साखरफुटाणा.

ठिपकी प्रिंटरपाशी गेली.

"प्रिंटरदादा, प्रिंटरदादा, माझा साखरफुटाणा तुझ्या तोंडात गेला. तोंड उघड ना!"

प्रिंटर झोपेतच पुटपुटला, "हूं? तू कोण? कुणाची? तो साखरफुटाणा तुझाच कशावरून? मी नाही तोंड उघडणार!"

"मग कधी उघडशील?"

"कॉम्प्युटर 'छाप' म्हणेल, तेव्हा उघडीन."

भिंतीवर होती एक पाल. पाल चुकचुकली. चुक चुक चुक!

ठिपकीने मिशा हलवल्या. ह्यानेच खाल्ला नसेल ना?

"खरं की थाप? बघतेच जाऊन!"

आणि ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

ठिपकी कॉम्प्युटरपाशी आली. तो होता म्हातारा. म्हणून ती त्याला आबा म्हणाली.

"कॉम्प्युटरआबा, कॉम्प्युटरआबा,
प्रिंटर तोंड उघडेना,
साखरफुटाणा मिळेना!
तुम्ही 'छाप' म्हणा ना!"

कॉम्प्युटरआबांनी एक डोळा उघडला. टुंग!

"हूं? तू कोण? कुणाची? आणि हा प्रिंटर तरी कोण? काल नव्हता. आज आला. शेजारी येऊन बसला. ना नाव सांगितलं, ना गाव सांगितलं. मी नाही 'छाप' म्हणणार!"

"मग कधी म्हणाल?"

"वायर आम्हा दोघांचा हात धरील, ओळख करून देईल, तेव्हा म्हणेन."

पाल चुकचुकली. चुक चुक चुक!

ठिपकीने मिशा हलवल्या. दोघांनी मिळून खाल्ला नसेल ना?

"खरं की थाप? बघतेच जाऊन!"

आणि ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

वायर होती पिशवीत. वेटोळं करून निजली होती.

"वायरताई, वायरताई,
कॉम्प्युटर 'छाप' म्हणेना,
प्रिंटर तोंड उघडेना,
साखरफुटाणा मिळेना!
तू हात धर ना!"

वायरने पिशवीतून एक टोक बाहेर काढलं. सुळ्ळ!

"हूं? तू कोण? कुणाची? आबा आहेत जागे. प्रिंटर आहे झोपलेला. झोपलेल्याचा हात धरला, आणि त्याने झटकला तर? मी नाही हात धरणार!"

"मग कधी धरशील?"

"बटण दिवा लावील, प्रिंटर जागा होईल, तेव्हा धरीन."

टोक गेलं आत. सुळ्ळ!

पाल चुकचुकली. चुक चुक चुक!

ठिपकीने मिशा हलवल्या. पिशवीत काय लपवलं असेल हिने?

"खरं की थाप? बघतेच जाऊन!"

आणि ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

बटण होतं भिंतीवर. पालही होती भिंतीवर! ठिपकीने पालीला वळसा घातला. लांऽऽब वळसा. आणि बटणापाशी पोचली.

"बटणमामा, बटणमामा,
वायर हात धरेना,
कॉम्प्युटर 'छाप' म्हणेना,
प्रिंटर तोंड उघडेना,
साखरफुटाणा मिळेना!
तुम्ही दिवा लावा ना!"

बटणमामा जागचा हलला नाही.

"हूं? तू कोण? कुणाची? परवा एक माशी आली. अशीच गोड गोड बोलली. 'मामा, दिवा लावा ना!' मी म्हटलं, बघू, बघू. तर गेली की उडून! मी नाही दिवा लावणार!"

"मग कधी लावाल?"

"तात्यांचं बोट येईल, मला दाबील, तेव्हा लावीन. तात्यांचं बोट मी ओळखतो."

पाल चुकचुकली. चुक चुक चुक! अगदी जवळून.

ठिपकीने मिशा हलवल्या. तात्यांनी तर नाही ना खाल्ला?

"खरं की थाप? बघतेच जाऊन!"

आणि ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु. जरा जास्तच तुरु तुरु.

तात्या बसले होते खुर्चीत. चष्मा होता कपाळावर.

"तात्या, तात्या,
बटण दिवा लावेना,
वायर हात धरेना,
कॉम्प्युटर 'छाप' म्हणेना,
प्रिंटर तोंड उघडेना,
साखरफुटाणा मिळेना!
तुम्ही बोट हलवा ना!"

तात्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"हूं? तू कोण? कुणाची?"

"भेगेतली."

"भेगेतली होय? मग हळू बोल. आजी ऐकेल." तात्या खाली वाकले. "त्या प्रिंटरच्या अंगावर प्लॅस्टिक आहे. पोटात नारिंगी चिकटपट्ट्या आहेत. आजी काही काढू देत नाही. मी तसंच बटण दाबलं, आणि काही झालं, तर नाव कुणाचं? माझं! 'तात्यांनीच बिघडवला!' छे छे. माझं बोट नाही हलणार!"

"मग कधी हलेल?"

"आजी प्लॅस्टिक काढील, तेव्हा हलेल."

पाल चुकचुकली. चुक चुक चुक!

ठिपकीने मिशा हलवल्या. तात्यांच्या तोंडाला साखरफुटाण्याचा वास कसा?

"खरं की थाप? बघतेच जाऊन!"

आणि ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

आजी होती स्वयंपाकघरात. कणीक मळत होती. थप थप थप.

"आजी, आजी,
तात्यांचं बोट हलेना,
बटण दिवा लावेना,
वायर हात धरेना,
कॉम्प्युटर 'छाप' म्हणेना,
प्रिंटर तोंड उघडेना,
साखरफुटाणा मिळेना!
तू प्लॅस्टिक काढ ना!"

आजीचे हात थांबले.

"हूं? तू कोण? कुणाची?"

"असं काय गं आजी? तूच म्हणालीस ना, मुंगीचा वाटा?"

"म्हटलं खरं. पण प्लॅस्टिक काढ, हे तुला कुणी शिकवलं? ह्यांनीच ना?" आजीने मान बाहेर काढली. "अहो! ह्या मुंगीला तुम्ही पाठवलंत?"

"मी कशाला पाठवू?" तात्या खुर्चीतून म्हणाले.

"नवी कोरी वस्तू आहे. प्लॅस्टिक काढलं की जुनी झाली! टीव्हीचा रिमोट बघा. अजून प्लॅस्टिकमध्ये आहे. कसा कोरा!"

"त्याची बटणं तरी दिसतात का?"

"नसू देत दिसत. कोरा आहे ना?"

तात्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला.

"मी नाही प्लॅस्टिक काढणार!" आजी म्हणाली.

"मग कधी काढशील?" ठिपकीने विचारलं.

आजीने जरा विचार केला. "काढलेलं प्लॅस्टिक टाकायचं नसतं. घडी घालायची. प्रिंटरच्या खोक्यात ठेवायचं. खोका माळ्यावर ठेवायचा. पण खोक्यात बसलाय भुऱ्या बोका! भुऱ्या खोका सोडील, तेव्हा काढीन."

पाल चुकचुकली. चुक चुक चुक!

ठिपकीने मिशा हलवल्या.

"खरं की थाप? बघतेच जाऊन!"

आणि ठिपकी निघाली. तुरु तुरु तुरु.

खरंच! खोक्यात बसला होता भुऱ्या बोका. गोल गोल. मऊ मऊ. डोळे मिटून.

"भुऱ्याभाऊ, भुऱ्याभाऊ,
आजी प्लॅस्टिक काढेना,
तात्यांचं बोट हलेना,
बटण दिवा लावेना,
वायर हात धरेना,
कॉम्प्युटर 'छाप' म्हणेना,
प्रिंटर तोंड उघडेना,
साखरफुटाणा मिळेना!
तू खोका सोड ना!"

भुऱ्याने एक कान हलवला. मग एक डोळा उघडला. हिरवा हिरवा डोळा.

"हूं? तू कोण? कुणाची? तुला आजीने पाठवलं ना? मला ठाऊक आहे! मागे मिक्सरचा खोका आला होता. आजी म्हणाली, 'ऊठ बाळा, जरा ऊठ.' मी उठलो. दूध प्यालो. परत आलो, तर खोका गायब! गेला माळ्यावर! मी नाही खोका सोडणार!"

"मग कधी सोडशील?"

"कधीच नाही."

"कधीच?"

"कधीच."

पाल चुकचुकलीसुद्धा नाही.

आता पुढे कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं.

ठिपकी खाली बसली. भेगेत भावंडं वाट बघत होती. 'ठिपकीताई गोड आणणार,' म्हणत होती. ठिपकीला रडू आलं. एवढंसं रडू.

प्रिंटर म्हणतो, आधी कॉम्प्युटर. कॉम्प्युटर म्हणतो, आधी वायर. वायर म्हणते, आधी बटण. बटण म्हणतं, आधी तात्या. तात्या म्हणतात, आधी आजी. आजी म्हणते, आधी भुऱ्या. सगळे म्हणतात, आधी तू, आधी तू!

मग आधी कोण?

ठिपकीने डोळे पुसले. ती उठून उभी राहिली.

"आधी मी," ती म्हणाली. "भुऱ्याभाऊ, तू जरा बाहेर जा. तू येईपर्यंत तुझा खोका मी राखते."

भुऱ्याने दुसरा डोळा उघडला.

"तू? एवढीशी? आजी खोका उचलायला आली, तर काय करशील?"

"चावीन!"

"आणि तूच पळून गेलीस तर?"

"नाही जाणार. इथेच बसेन. शब्द!"

भुऱ्याने ठिपकीकडे बघितलं. वरून बघितलं. खालून बघितलं. मग त्याने मिशा हलवल्या.

"खरं की थाप?" भुऱ्या म्हणाला.

"खरं," ठिपकी म्हणाली.

भुऱ्या उठला. त्याने आळस दिला. मोठ्ठा आळस! आणि मारली खोक्याबाहेर उडी. धुप्प!

ठिपकी बसली खोक्यात. मधोमध. खोक्याच्या भिंती उंच उंच. बाहेरचं काही दिसेना.

धप धप धप. कुणीतरी आलं. आजी!

"सोडला बाई एकदाचा!" आजी म्हणाली. आजीचा हात खाली आला. मोठ्ठा हात. कणकेचा हात.

"खबरदार! चावीन!"

हात थांबला.

"अगंबाई! तू होय?"

"हा खोका भुऱ्याभाऊचा आहे. मी राखतेय. शब्द दिलाय."

"आणि माझं प्लॅस्टिक? ते कुठे ठेवू?"

ठिपकीने विचार केला. आजीच्या सगळ्या पिशव्या कुठे असतात? मुंग्यांना सगळं माहीत असतं.

"गादीखाली ठेव!"

आजी हसली. "हो गं बाई! गादीखाली आहे की जागा!"

आणि आजी गेली. धप धप धप.

ठिपकीने कान दिला.

चर्र्र्र! आजीने प्लॅस्टिक काढलं.

फट्! फट्! नारिंगी चिकटपट्ट्या निघाल्या.

टक्! तात्यांचं बोट हललं.

पिंग! बटणाने दिवा लावला. प्रिंटर जागा झाला.

खट्ट! वायरने हात धरला. एक हात आबांचा, एक हात प्रिंटरचा.

टुंग! "अस्सं! हा प्रिंटर होय?" कॉम्प्युटरआबा म्हणाले. "पटली ओळख. चल बाळा, छाप!"

घुर्र्र्र... खर्र खट! खर्र खट! खर्र खट!

प्रिंटरने तोंड उघडलं!

ठिपकीने मिशा हलवल्या.

"खरं की थाप? बघतेच जा..."

ती उठली. आणि थांबली.

भुऱ्या कुठे आला होता अजून? शब्द दिला होता ना! ठिपकी परत खाली बसली.

आणि बाहेर वाजलं.

टुणुक! टुणुक! टुणुक!

साखरफुटाणा! पडला! जमिनीवर पडला!

ठिपकीचा जीव वरखाली झाला. तात्यांनी उचलला तर? आजीने झाडला तर? पालीने पळवला तर?

पाल चुकचुकली. चुक चुक चुक!

पण ठिपकी हलली नाही.

टुणुक... टुणुक...

मग आवाज थांबला. सगळं गप्प. अगदी गप्प.

"गेला," ठिपकी म्हणाली. हळूच. स्वतःशीच.

तेवढ्यात खोक्याच्या भिंतीवर दिसले दोन कान. मग दोन हिरवे डोळे. मग दोन्हीकडे मिशा.

भुऱ्या आला! पण भुऱ्याचं तोंड होतं मिटलेलं. आणि एक गाल होता फुगलेला.

"भुऱ्याभाऊ! माझा साखरफुटाणा! खाल्लास?"

भुऱ्या बोलेना.

"खाल्लास ना? खरं सांग!"

भुऱ्या काही बोलेना. तो खोक्यात आला. मान खाली केली. ठिपकीच्या अगदी समोर.

आणि भुऱ्याने तोंड उघडलं.

टुणुक!

पडला साखरफुटाणा. गुलाबी गुलाबी. आख्खा! जरासा ओला.

"तोंडात धरून आणला. मग बोलणार कसा?" भुऱ्या म्हणाला. "मी नाही गोड खात. आणि खात असतो, तरी तुझा वाटा खाल्ला नसता. तू माझा खोका राखलास ना?"

ठिपकीने साखरफुटाण्याला मिठी मारली. एका बाजूलाच मारली. दुसऱ्या बाजूला हात पोचत नव्हते.

भुऱ्याने खोका आडवा केला. ठिपकीने साखरफुटाणा ढकलला. हुश्श! भुऱ्याने नाकाने ढकलला. हुश्श! पोचला भेगेपाशी.

भेगेतून भावंडं डोकावली.

"ठिपकीताई, गोड आणलंस? खरं की थाप?"

"खरं!" ठिपकी म्हणाली. "खाऊन बघा!"

कुडुम कुडुम कुडुम!

आणि वर भिंतीवर लागला जुईचा फोटो. जुईला आले होते दोनच दात. दोन्ही दाखवून ती हसत होती. आजी फोटोपाशी गेली. अजून जवळ गेली. फोटोला नाक लावून बघत बसली. मग हळूच वळली. गादीखालून काहीतरी घेऊन आली.

"आता काय?" तात्या म्हणाले.

"काही नाही हो," आजी म्हणाली. "फोटो कोरा राहायला हवा ना?"

आणि तिने फोटोवर लावलं प्लॅस्टिक!

तात्या हसले. भुऱ्या खोक्यात निजला. गोल गोल, मऊ मऊ. पालसुद्धा गप्प बसली.

साखर गेली भावंडांना,
फुटाणा गेला भावंडांना,
खोका राहिला भुऱ्याला,
आणि गोष्ट राहिली तुला!